नववं कणीस

रंभाबाईला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बायकांच्या ओट्या झाडून घेत होती.

सोलापुरापासून तीन मैलांवरच्या सरकारी शेतावर मी नकाशे काढायला आणि पाट्या लिहायला कारकून म्हणून लागलो होतो. साल एकोणीसशे सत्तावीस. ज्वारीच्या काढणीचे दिवस होते. संध्याकाळी घंटा झाली की फाटकाशी बायकांची रांग लागे. एकेक बाई पुढे होऊन कमरेची ओटी सोडी, पदर झटकी आणि बाजूला होई. रंभाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत नसे. त्यांच्या पायांशी काय पडतं ते बघे. एखादा दाणा पडलाच तर वाकून उचली, चिमटीत धरून उजेडात फिरवी, आणि तो कुठल्या वाफ्यातला हे ओळखून त्याच वाफ्याच्या डब्यात टाके. शेवटची बाई गेली की ती स्वतःची ओटी सोडून झटकी. ती बघायला तिथं कोणी नसे.

तेव्हा ती पस्तिशीची असेल. नवरा मानमोडीच्या साथीत गेलेला, मूल नाही. माहेर मंगळवेढ्याकडचं. शेतावर सगळे तिला मुकादमीण म्हणत. कागदावर मात्र ती रोजंदारीवरची बाईच होती.

शेत पानगावकरसाहेबांच्या ताब्यात होतं. साहेब बार्शीकडचे. विलायतेला जाऊन ज्वारीच शिकून आलेला माणूस म्हणून लोक त्यांना थोडे हसत. डोक्यावर हॅट आणि पायांत वहाणा, कारण काळ्या रानात बूट घातला की पावलागणिक शेरभर माती चढते. त्यांचं एकच काम चाललं होतं. पेरणीनंतर पाऊस पडलाच नाही तरी नुसत्या जमिनीतल्या ओलीवर दाणा भरेल, अशी ज्वारी त्यांना काढायची होती. पुस्तकातून नाही, रानातूनच, धाट निवडत निवडत.

ते निवडणं रंभाबाईचं होतं. डिसेंबरात दुपारी दोनला, ऊन डोळ्यांत घुसत असताना, ती अनवाणी ओळीओळीतून फिरे. तहानलेल्या धाटाची पानं त्या वेळी सुरळीसारखी वळतात. ज्याची वळत नाहीत त्याला ती लाल दोरा बांधे. फुलोऱ्याच्या आधी त्या कणसावर कागदाची खोळ चढवायची, गळ्याशी आवळायची, चिठ्ठी लावायची. शेजारच्या धाटाचा पराग वाऱ्यानं आला की जात मोडते, म्हणून. मग काढणीला ते कणीस वेगळं खुडायचं, वेगळं झोडायचं, वेगळ्या डब्यात ठेवायचं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. अकरा वर्षं हे चाललं. शेवटी एकाच ओळीनं तग धरला. तिचं नाव सतरा नंबर.

एका वर्षी परतीचा पाऊस आलाच नाही. आजूबाजूची रानं कणीस बाहेर पडण्याआधी पोटरीतच करपली. सतरा नंबर मात्र कमरेएवढा राहूनही भरला. कणसं लहान, पण मुठीत घट्ट बसणारी. आसपासचे शेतकरी बांधावर येऊन उभे राहत, मूठभर बी मागत. साहेब देत नसत.

"कच्चं बी बाहेर गेलं तर लोक एकदा फसतील," ते म्हणत, "आणि मग दहा वर्षं आपलं ऐकणार नाहीत."

रंभाबाईला हे पटलं होतं. इतकं, की तिचा सख्खा भाऊ माहेराहून गाडी जुंपून आला, तेव्हा त्यालाही तिनं जेवू घालून रिकाम्या हातानं परत पाठवलं. साहेबांनी तिला एवढंच सांगितलं होतं, "दोन-तीन सालं थांबा. पहिली पायली तुमच्या हातानं द्यायची."

अठ्ठावीस साली एक गोष्ट झाली. अक्कम्मा नावाची एक बाई कामाला होती, अक्कलकोटकडची, उंच, हाताला चलाख. ओटी झाडताना तिच्या लुगड्याच्या दुहेरी निरीतून मूठभर दाणे पडले. रंभाबाई खाली बसली आणि मातीतून एकेक दाणा वेचू लागली. सगळी रांग थांबली होती. शेवटचा दाणा उचलेपर्यंत ती उठली नाही. मग अक्कम्माला साहेबांपुढे नेलं. अक्कम्माचं काम त्याच दिवशी सुटलं.

जाताना फाटकाशी ती ओरडली, "तुज्या बापाचं हाय का ग ते बी?"

"माज्या बापाचं असतं तर दिलं असतं," रंभाबाई म्हणाली.

एकतीसच्या जूनमध्ये पानगावकरसाहेब विषमज्वरानं गेले. आठ दिवसांत. त्या रब्बीला सतरा नंबर पेरलाच गेला नाही. नवी योजना मंजूर होईपर्यंत जुने प्रयोग थांबवा, असा वरून हुकूम होता. बी डब्यांत होतं. एक साल डब्यात राहिल्यानं ज्वारीचं काही बिघडत नाही, हे शेतावरच्या बैलालाही ठाऊक असेल, असं रंभाबाई म्हणाली. त्या वर्षी ती खळं सारवी, बांध राखी, आणि दुपारी दोनला सवयीनं मोकळ्या रानात जाऊन उभी राही.

साहेबांच्या जागी गुरुलिंगप्पा सुपरिंटेंडेंट म्हणून आले. तरुण, शिकलेले, स्वभावानं भिडस्त. घरी कन्नड, शेतावर मराठी, कागदावर इंग्रजी, आणि तिन्ही भाषांत आवाज खालचाच. बत्तीसच्या मार्चमध्ये त्यांच्याकडे हुकूम आला की पानगावकरसाहेबांच्या आयुष्यावर आणि कामावर शेतावर एक कायमचं प्रदर्शन मांडायचं. छोटंसं संग्रहालयच म्हणा. साहेबांचे फोटो, वह्या, हत्यारं, मातीचे नमुने, कणसं. त्यासाठी एक पक्की, दगडी, कोरडी खोली हवी.

शेतावर अशी एकच खोली होती. बियाण्याची.

डबे हलवायचं काम भांडारावरच्या श्रीमंतकडे आलं. श्रीमंत सोलापुरातल्या अडत्याच्या घरातला. धान्याच्या पोत्यात हात घालून ते किती सालांचं ते सांगे. त्यानं विचार केला, आणि तो वाईट विचार नव्हता, की छपरात ठेवलं तर उंदीर खातील, पडवीत ठेवलं तर भिजेल. आणि धान्य वीस-वीस वर्षं टिकतं ते पेवात, जमिनीतल्या बंद खड्ड्यात. शेताच्या बैलांची ज्वारी ज्या पेवात होती त्यातच त्यानं डब्यांतलं सतरा नंबरचं बी पोत्यांत भरून कडब्यात गुंडाळून ठेवलं आणि तोंड मातीनं लिंपून टाकलं. त्याच्या घरात तीन पिढ्या धान्य विकलं होतं. पेरलं कोणीच नव्हतं.

गाडीवर पोती चढताना रंभाबाईनं त्याला विचारलं होतं, "कुटं नेताय, मालक?"

"जपून ठेवतो बाई. काळजी करू नका. खाणारालासुद्धा सापडणार नाही."

ती हसली होती. मीही.

एप्रिलात पुण्याहून प्रदर्शनाचे अधिकारी आले. उत्साही माणूस. दिवसभर फीत घेऊन भिंती मोजत. त्यांना सतरा नंबरची आठ कणसं हवी होती. डब्यांशेजारी लटकवलेली नमुन्याची कणसं होती, ती मिळाली. अट एकच: "दहा वर्षं किडा लागता कामा नये. आमच्याकडे मागच्या प्रदर्शनात महिन्याभरात भुगा झाला."

"उकडून देते की," रंभाबाई म्हणाली. "वाफ दिली की किडा न्हाय, अंडं न्हाय, काय न्हाय. जलमभर बगा मग."

तिनं हंड्यात पाणी उकळलं, वर टोपलीत कणसं ठेवली, गोणपाट झाकलं. तासभर वाफ दिली, चार दिवस कडक उन्हात वाळवली. दाण्यांवर जुन्या हस्तिदंतासारखी पिवळट झाक आली. अधिकारी खूश झाले. त्यांनी ती रीत वहीत लिहून घेतली. "बी मरतं का यानं?" असं मीच विचारलं, असं मला आठवतं.

"मरतं की. पन ही बगायचीच हायेत. बी हाय तिकडं भरपूर."

ऑगस्टअखेर साहेबांच्या पत्नींनी घरून एक पेटी पाठवली. कोट, चष्मा, भिंग, खिशातली वही. आणि एक कणीस. ते साहेबांच्या लिहायच्या टेबलावर, दौतीशेजारी असे. गळ्याला दोरा, दोऱ्याला साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी: सतरा. पुण्याचे अधिकारी पुन्हा आले, सगळ्या वस्तू मधल्या मोठ्या काचपेटीत निळ्या मखमलीवर मांडल्या. आठ कणसं कडेला अर्धवर्तुळात, नववं मध्ये चष्म्याजवळ. यादी केली, पेटीला कुलूप घातलं, कुलपावर लाखेची मोहोर केली आणि किल्ली घेऊन गेले. उद्घाटन दसऱ्यानंतर होतं, मोठे पाहुणे यायचे होते. मोहोर त्यांच्याच हातून निघायची होती.

सप्टेंबरच्या शेवटी नवी योजना मंजूर होऊन आली. तिच्यात सतरा नंबरसाठी चार एकर होते. हस्त लागला होता, रानात ओल चांगली होती. रंभाबाईनं स्वतः पेरणीच्या पाभरीचे फण घासून घेतले. गुरुलिंगप्पांनी श्रीमंतला बी काढायला सांगितलं.

पेव उघडलं तेव्हा मी होतो. तोंड फोडल्यावर तासभर लांब राहावं लागतं, आतली हवा माणसाला मारते. तेवढा वेळ आम्ही बाभळीखाली बसलो. मग वाफ आमच्यापर्यंत आली. आंबूस, गरम, दारूच्या भट्टीसारखी. बी न्यायला आलेली रंभाबाई तेवढ्यात तिथं पोचली.

"बी ह्यात हाय?" तिनं विचारलं. "मालक, बी पेवात घातलं?"

"खराब झालं नाही," श्रीमंत म्हणाला. "पेवाचा वास येतोच थोडा. भाकरीला काही होत नाही."

"भाकरीला न्हाय होत."

पोती वर आली. दाण्यांचा रंग तांबूस झाला होता. तिनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, आणि तो बराच वेळ बाहेर काढला नाही. "ताप आलेल्या मानसाच्या अंगावानी लागतंय," ती म्हणाली.

प्रत्येक पोत्यातून मूठभर दाणे घेऊन तिनं ओल्या फडक्यांत बांधले, उबेत ठेवले. ज्वारीला तिसऱ्या दिवशी मोड दिसतो. तिसऱ्या दिवशी काही नव्हतं. पाचव्या दिवशी फडक्यांना बुरशी आली. सहाव्या दिवशी गुरुलिंगप्पा म्हणाले, "आणखी दोन दिवस बघू." आम्ही बघितलं. श्रीमंत रोज सकाळी येऊन फडकी उघडताना पाहायचा आणि भांडारात परत जायचा. एकदा फक्त म्हणाला, "माझ्या आजोबानं पेवातली ज्वारी सतरा सालानंतर विकली होती."

चार एकर तसेच ओले पडून होते. शेवटी त्यांत साधी ज्वारी पेरली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या खोलीत झाडताना रंभाबाईनं मला हाक मारली. मी भिंतीवरच्या पाट्यांना शाई भरत होतो.

"हे बगा."

मधल्या कणसाखाली निळ्या मखमलीवर चिमूटभर पांढरं पीठ पडलं होतं.

"किडा लागलाय," मी म्हणालो.

"व्हय." तिनं काचेवर बोट टेकवलं. "त्या आटांना लागला न्हाय. ह्याला लागला. हे उकडलेलं न्हाय, दादा. हे जितं हाय."

तेव्हा मला कळलं. साहेबांच्या घरून आलेलं नववं कणीस कोणीच उकडलं नव्हतं. सतरा नंबरचं जिवंत बी जगात फक्त तेवढंच उरलं होतं, हजार-दीड हजार दाणे, आणि त्यातल्या एखाद्या दाण्यातून सोंडेवाला बारीक काळा किडा आत्ता आमच्यासमोर बाहेर येऊन काचेवर चढत होता.

आम्ही गुरुलिंगप्पांकडे गेलो. त्यांनी येऊन पाहिलं. खाली वाकून, हात मागे बांधून.

"साहेब, मूठभर दाने द्या मला," रंभाबाई म्हणाली. "कनीस ऱ्हाऊ द्या. खालच्या अंगाचे दाने काडते, दिसनार न्हाय. कुंडीत लावीन, माज्या अंगनात लावीन. धा धाटं आली तरी पुना समदं उबं करीन. अकरा सालं केलंय मी."

"किल्ली पुण्याला आहे, रंभाबाई."

"कुलूप तोडा."

"मोहोर आहे त्यावर."

"मोहोरेला किडा आवरत न्हाय, साहेब."

गुरुलिंगप्पा पेटीपासून मागे सरले. त्यांना मी दोष देत नाही. दोनच वर्षांपूर्वी शहरात लष्करी कायदा होता. सरकारी वस्तूला हात लावला म्हणजे काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं किंवा ऐकलं होतं. त्यांची नोकरी अजून कायम झाली नव्हती. ते म्हणाले, "मी आजच पत्र लिहितो. किल्ली मागवतो."

पत्र त्यांनी मला सांगितलं आणि मी लिहिलं. काचपेटीत किडे आढळून आले आहेत, इतर वस्तूंना, विशेषतः कोटाला, धोका संभवतो, तरी किल्लीसह त्वरित यावे. बी हा शब्द त्यात नव्हता. बी लिहिलं असतं तर पोत्यांतलं बी कुठं गेलं हे लिहावं लागलं असतं, मग पेव लिहावं लागलं असतं, मग श्रीमंत, मग ते स्वतः. मला हे लिहितानाच दिसलं. मी चांगल्या वळणदार अक्षरात नक्कल केली आणि टपालात टाकली.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवतात, कारण ते सगळे सारखे होते. रंभाबाई सकाळी येई, काच पुशी आणि बघत उभी राही. पीठ आदल्या दिवसापेक्षा जास्त असे. चिमूट, मग बोटभर ढीग, मग चष्म्याच्या काडीखाली एक बारीक रेघ. काचेला तिच्या श्वासाचा डाग पडे, तो ती पुन्हा पुशी. एकदा मी आत गेलो तर तिच्या हातात खुरपं होतं. उलटं, मूठ काचेकडे. मी दारात थांबलो. मी पुढे होऊन तिचा हात धरला नाही, आणि "मार" असंही म्हणालो नाही. थोड्या वेळानं तिनंच खुरपं खाली ठेवलं.

"फोडलं तर मला न्हेतील," ती म्हणाली. "मग लावंल कोन?"

पाच दिवस झाले, उत्तर नाही. सहाव्या दिवशी ती अक्कम्माला शोधायला गेली. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं, एकदाच.

अक्कम्माचं गाव अक्कलकोटच्या वाटेवर, पाच-सहा कोस. रंभाबाई चालत गेली. अक्कम्मा दारात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं.

"बा, कुंद्रू," ती म्हणाली. मग मराठीत, "बस की. का उब्यानंच झाडा घेतीस?"

रंभाबाई बसली. पाणी पिऊन झालं. "अक्कम्मा, एक इचारू?"

"इचार. मुकादमीण तू."

"त्या साली तू सतरा नंबरचं बी घेतलंवतंस."

"घेतलंवतं. मग? आता चार सालानं तुरुंगात घालतीस व्हय?"

"तसं न्हाय. त्याच्या आदी कदी नेलंवतंस का? एकांदी मूठ? कुटं पेरलंवतंस का?"

अक्कम्माचे हात थांबले. तिनं आत सुनेला हाक मारली, "निंगव्वा, ए निंगव्वा! भाईर ये, मज्जा बग. पोलीस चोराच्या घरी चोरी मागाय आलाय!"

निंगव्वा हसत उंबऱ्यापर्यंत आली. रंभाबाईचं तोंड पाहून तिचं हसणं तिथंच थांबलं, आणि ती पदर सारखा करत आत गेली.

"खरं सांग," रंभाबाई म्हणाली. "कुनाला सांगत न्हाय मी. तुज्या पाया पडते. बी मेलं समदं. पेवात घातलं, उकडलं, समदं मेलं. तू चोरलं असशील तर जगलं आसंल."

अक्कम्मानं मांडीवरची टरफलं झटकली. मग म्हणाली, "नेलं असतं तर दिलं असतं, रंभे. लई येळा बगितलं करून. एकदा चोळीत घातलं. एकदा अंबाड्यात घातलं, तर तू केस सोडाय लावलेस. आठवतं का? दोन दाने तरी ऱ्हायले आसतील म्हनून घरी येऊन फनी घातली. तेबी न्हाईत." तिनं एक शेंग फोडली. "तुज्यावानी झाडा घेनारी मी बगितली न्हाय."

हे ती रागानं बोलली नाही, असं रंभाबाईनं सांगितलं. मुक्कामाला ठेवून घेतलं, सकाळी न्याहारी दिली. सवाष्ण नसलेल्या बाईलाही रिकाम्या पदरानं दारातून लावायची नाही म्हणून तिच्या ओटीत शेंगा घातल्या. त्या घेऊन ती परत निघाली.

ती दुपारी शेतावर पोचली. पुण्याचे अधिकारी त्याच सकाळच्या गाडीनं किल्ली घेऊन आले होते.

पत्रातला कोटाचा धोका त्यांनी फार मनावर घेतला होता. आल्या आल्या मोहोर स्वतः काढली, कणीस बाहेर घेतलं, झटकलं, मखमल ब्रशनं साफ केली. गुरुलिंगप्पांना कचेरीत कोणीतरी भेटायला आलं होतं. मी खोलीत होतो. अधिकारी म्हणाले, "हे घरून आलेलं, नाही का? याला ती प्रक्रिया झालेलीच नाही. बाकी आठांना बघा, एक भोक नाही." त्यांनी वही उघडली. श्रीमंतला चूल पेटवायला सांगितली.

मी म्हणालो, "साहेब, त्या कणसातलं थोडं बी..."

"बी?" ते म्हणाले. "बी तुमच्या भांडारात असेल ना?"

श्रीमंत चुलीशी वाकला होता. त्यानं मान वर केली नाही. मला वाटलं, गुरुलिंगप्पा येतील, ते सांगतील. सांगणं त्यांचं काम आहे. मी कचेरीकडे गेलो. दार लोटलेलं होतं, आत पाहुण्याचा आवाज येत होता. मी बाहेर उभा राहिलो. किती वेळ, ते आता सांगता येत नाही. हंड्याच्या वाफेचा वास पडवीभर पसरला, ओल्या कडब्यासारखा, गोडसर.

रंभाबाई आली तेव्हा कणीस वर्तमानपत्रावर उन्हात ठेवलेलं होतं.

"या, या," अधिकारी म्हणाले. "तुमच्याच रीतीनं केलं. पूर्ण तासभर. आता दहा वर्षं बघायला नको."

ती खाली बसली. कागदावर एक दाणा गळून पडला होता, तो तिनं उचलला, उजेडात फिरवला आणि दाढेखाली धरला.

"शिजलाय," ती म्हणाली.

अधिकारी हसले. त्यांना ती शाबासकी वाटली.

गुरुलिंगप्पा बाहेर आले, त्यांनी कागदावरचं कणीस पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "रंभाबाई, मी सांगणारच होतो," ते म्हणाले. ती म्हणाली, "व्हय साहेब." ती उठली तेव्हा ओटीतल्या दोन-चार शेंगा खाली पडल्या. तिनं त्या उचलल्या नाहीत.

उद्घाटन थाटात झालं. मंडप, हार, शहरातून मोटारी. मोहोर आधीच निघालेली असल्यानं अधिकाऱ्यांनी सकाळी नवी करून ठेवली होती, ती पाहुण्यांनी काढली. भाषणं झाली. साहेबांनी शेतकऱ्याच्या हातात अवर्षणावरचं उत्तर ठेवलं आहे, असं एक वक्ते म्हणाले. काचपेटीवरची पाटी माझ्या अक्षरात होती: "सतरा नंबर. बिगरपावसाची ज्वारी. कै. पानगावकर यांची देणगी." ती पाटी मी पुन्हा लिहिली नाही. लिहायला मला कोणी सांगितलं नाही, आणि काय लिहायचं ते मला सुचलंही नसतं.

मोटारी गेल्या, त्यानंतर शेतकरी येऊ लागले. प्रदर्शन त्यांना आवडलं. हे आम्हाला कोणालाच अपेक्षित नव्हतं. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या फाटकाबाहेर सुटत. लोक चष्म्याला नमस्कार करत, कोटाचं कापड किती जाड आहे ते बोलत, आणि मग ज्वारीपुढे थांबत. वाचता येणारा एखादा मोठ्यानं पाटी वाची. मग सगळे एकमेकांकडे बघत.

त्या हिवाळ्यात एक दिवस मी खोलीत होतो. रंभाबाई झाडत होती. मंगळवेढ्याकडचा एक उतारवयाचा माणूस, डोक्याला मळका फेटा, पेटीपुढे बराच वेळ बसला होता. चवड्यावर, रानात बसावं तसा. शेवटी त्यानं विचारलं, "बाई, ह्याचं मूठभर बी कुटं गावंल?"

"साहेबांना इचारा."

"साहेबांकडनंच आलो. ते म्हनले बाईंना इचारा."

रंभाबाईनं केरसुणी थांबवली नाही. "बी न्हाय."

"आसं कसं? हितं तर नऊ कनसं हायेत की."

"हायेत."

"मग?" तो हसला. समजूत घालावी तसा म्हणाला, "कच्चं आसंल तरी चालंल, बाई. मी कुनाला सांगत न्हाय. धा दाने द्या. माजं रान उताराचं हाय, पानी ठरत न्हाय. आमच्यात कुनाकडं न्हाय आसली ज्वारी."

"मला ठावं हाय तुमचं रान," ती म्हणाली. "पन ती बगायची हायेत."

त्याला ते पटलं नाही. तो उठला नाही. तो तसाच काचेकडे बघत बसून राहिला, आणि ती त्याच्या भोवतीनं झाडत गेली.